अबू माजिदला झटका हवा होता

मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मिस्त्री. रियाध शहराच्या एका अंगाला अल सुलै नावाचा भाग आहे. गोदामं, ट्रकांचे अड्डे आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या शेडच्या लांबच लांब रांगा. अशा शेडला तिकडे 'वर्शा' म्हणतात. त्यातल्या एका वर्शात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

लिहिणं हे माझं काम नव्हे. यान्बूच्या रिफायनरीत नोकरी करणारे नाशिकचे एक इंजिनियर साहेब एकदा गाडी घेऊन आमच्याकडे आले होते. मी दुसऱ्या एका गाडीखाली पडून न सुटणाऱ्या बोल्टला मराठीतून शिव्या घालत होतो. वरून आवाज आला, "अहो, बोल्ट बिचारा परदेशी आहे, त्याला मराठी कुठून कळणार?" तेव्हापासून आमची ओळख. आता ते परत आले आहेत आणि या दिवाळी अंकाच्या कामात असतात. "कासमभाई, बोलता तसंच लिहा," म्हणाले. दहावीपर्यंत मराठी शाळेत होतो, त्या भरवशावर लिहितो आहे.

आधी धंदा काय ते सांगतो. आपल्याकडच्या साध्या गाडीत गिअर आपण हाताने टाकतो, पायाने क्लच दाबतो. ऑटोमॅटिकमध्ये ही दोन्ही कामं तेल करतं. आमचं गाव दापोलीच्या बाजूला, समुद्राकाठी. सुपारीच्या वाडीत विहिरीचं पाणी पाटाने कसं फिरवतात ते मी लहानपणी पाहिलेलं. इथला पाट बंद केला की तिथलं झाड भिजतं. गिअरबॉक्सच्या पोटात तसेच पाट असतात, बोटाएवढे रुंद, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोरलेले. गाडीचा वेग वाढला की तेल एका पाटातून दुसऱ्यात जातं, तिथल्या चकत्या एकमेकींवर दाबून धरतं आणि गिअर पडतो. तेल हळू आलं तर चकत्या घसरत घसरत चिकटतात, गिअर मऊ पडतो. तेल जोरात आलं तर चकत्या एकदम पकडतात आणि बसणाऱ्याच्या पाठीत थाप बसते. आमची सगळी कला या दोन्हींच्या मधे कुठेतरी असते. फार मऊ ठेवलं तर चकत्या घासून जळतात. लाल तेल काळं होतं आणि काजूचं टरफल करपल्यासारखा वास येतो. फार घट्ट केलं तर चकत्या वाचतात, पण बाकीच्या सामानावर हातोडे पडतात.

गिऱ्हाइकांना मऊ गिअर हवा असतो. सगळ्यांनाच. एकजण तीनदा आला, गिअर धक्का मारतो म्हणून. गिअरबॉक्स निर्दोष. शेवटी डिकी उघडली तर आत सुटा पडलेला जॅक गाडीबरोबर पुढे-मागे आपटत होता. मी तो दोरीने बांधला आणि त्याने मला मिठी मारली. सबंध धंद्यात गिअर घट्ट करून मागणारा माणूस मला एकच भेटला. तो माझा कफील होता.

कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इकामा, राहण्याचा परवाना असतो तो. वर्शाही त्याच्याच नावावर. माजिदचा बाप म्हणून त्याला सगळे अबू माजिद म्हणत. अरबीत अहो-जाहो नसतं, कफीललाही 'तू'च म्हणायचं, म्हणून इथेही मी त्याला 'तो'च म्हणतो. उंच, सडपातळ माणूस. लष्कराच्या वाहतूक खात्यातून निवृत्त झालेला. रोज अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर वर्शात यायचा, तेलाच्या उलट्या डब्यावर बसून एक चहा प्यायचा आणि जायचा. मला तो 'या मुहंदिस' अशी हाक मारायचा. 'या' म्हणजे अरबीतलं 'अरे'. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. तिथे पाना धरणारा प्रत्येकजण मुहंदिस.

तो चांगला होता की वाईट, हे मला एका शब्दात सांगता येणार नाही. माझा पासपोर्ट कायम त्याच्या कपाटात. माझे अब्बा वारले तेव्हा तो वाळवंटात उंटांकडे गेला होता आणि त्याच्या सहीशिवाय मला देश सोडता येत नव्हता. तो परतला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. त्याने माफी मागितली नाही. पण त्या दिवशी चहा पिऊन गेला नाही, माझ्याशेजारी बसून राहिला. मी त्याला माफ केलं की नाही, मला अजून ठाऊक नाही.

त्याची गाडी म्हणजे तरुणपणी घेतलेली अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. नव्या गाड्या घरात आल्या, मुलांच्या, सुनेच्या. हा मात्र ती जुनीच चालवायचा. उन्हाने तिचा नारंगी रंग विटून मातकट झाला होता, पण इंजिन सुरू केलं की शेडचे पत्रे थरथरायचे.

एकदा चहा संपल्यावर तो म्हणाला, "या मुहंदिस, दुसरा गिअर कधी पडतो मला कळत नाही. पूर्वी पाठीत थाप बसायची."

गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर मी गाडी फिरवून आणली. गिअर ठीक पडत होता. पण जुन्या माणसाशी वाद कशाला? त्या काळच्या गिअरबॉक्सच्या बाजूला पत्र्याची एक गोल डबी असते. इंजिन किती ओढतंय ते ती तेलाला कळवते आणि त्याप्रमाणे तेलाचा दाब ठरतो. तिच्या आत एक बारीक स्क्रू असतो. तो मी थोडा आवळला. दाब वाढला, गिअर ठसक्यात पडायला लागला. अबू माजिद एक चक्कर मारून आला आणि काचेतून अंगठा दाखवून घरी गेला.

काही महिन्यांनी पुन्हा तेच. "मुहंदिस, गिअर झोपलाय."

"आवळलाय की मी."

"झोपलाय. पुन्हा जागा कर."

स्क्रू आणखी आवळण्यात अर्थ नव्हता. या वेळी गिअरबॉक्सचा तळ उघडावा लागणार होता. पाटांच्या ठोकळ्याखाली एक पातळ लोखंडी पत्रा असतो, त्याला भोकं असतात, त्यांतून तेल चकत्यांकडे जातं. भोक मोठं केलं की पाटाचं तोंड रुंद झालं, तेल एकदम येतं. शिवाय आत स्प्रिंगवर बसलेला एक दट्ट्या असतो, तो आलेल्या तेलाचा धक्का उशीसारखा झेलतो. त्याची स्प्रिंग कडक घातली की उशी कडक. मला त्या स्प्रिंगा हव्या होत्या, आणि तसलं जुनं सामान रियाधमध्ये एकालाच सापडायचं. उस्मानभायला.

उस्मानभाय आमच्या शेजारच्या गावचा. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर त्याने आयुष्य काढलं. तेव्हा सौदीकरणाचा जोर सुरू झाला होता. एकेक धंदा जाहीर व्हायचा, यात आता फक्त सौदी माणूस बसेल. त्यांच्या पोरांना काम हवंच होतं, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण सुट्या भागांची दुकानंही त्यात आली आणि एका फटक्यात उस्मानभायचं काउंटरवर उभं राहणं गुन्हा झालं. मालकाने एक तरुण सौदी गल्ल्यावर बसवला. पोरगा सभ्य होता, फक्त त्याला कुठल्या खोक्यात काय आहे ते माहीत नव्हतं. म्हणून उस्मानभाय काउंटरच्या बाहेर उभा राहून त्याला खुणा करायचा.

मी स्प्रिंगा आणायला गेलो तेव्हाच तपासनीस आले. उस्मानभाय झटकन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्या पोराला अरबीत विचारायला लागला, "भाई, ब्रेकचे पॅड आहेत का? केवढ्याला?" तपासनीस गेले. मी हसायला लागलो. उस्मानभायही हसला, मग त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि आमच्या बोलीत म्हणाला, "कासमभाय, इतक्या वर्षांनी मी माझ्याच दुकानात गिराईक झालो."

स्प्रिंगा त्याने भंगारबाजारातून शोधून दिल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो कायमचा गावी परतला. माझी बायको आणि मुली त्याच्याही आधी गेल्या होत्या, कारण सरकारने लावलेली कुटुंबाची माणशी फी भरणं झेपेना. खोलीत मी एकटा उरलो. वर्शातही पूर्वी चौघे होतो, त्यातले दोघे गेले, मी आणि एक सुदानी वेल्डर राहिलो.

गाडीचं काम मात्र उत्तम झालं. दुसरा गिअर आता असा पडायचा की मांडीवरचा चहा सांडावा. माजिद एकदा बापाबरोबर त्या गाडीतून आला होता, तो उतरून मान चोळत म्हणाला, "या अखी, अरे भावा, हे काय करून ठेवलंस?" मला जरा अभिमानच वाटला. जुन्या लोखंडात मी तरुणपण भरलं होतं.

म्हणून अबू माजिद तिसऱ्यांदा आला आणि "अजून घट्ट" म्हणाला, तेव्हा मी चमकलो. तो उन्हाळा होता. शेडच्या बाहेरची फरशी तव्यासारखी तापलेली. गाडी दारात लावून तो माझ्याकडे चालत आला आणि त्याच्या मागे फरशीवर लाल ठसे उमटत आले. त्याच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. ती गाडीतच पेडलखाली गळून पडली होती. लेथवरून उडालेली लोखंडाची एक वळी त्याच्या टाचेत घुसली होती.

"अबू माजिद, पाय," मी म्हणालो.

त्याने खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं. "हं," म्हणाला, "चप्पल कुठे गेली?"

मी त्याला डब्यावर बसवलं. पाय मांडीवर घेऊन पाण्याने धुतला आणि पकडीने ती वळी ओढून काढली. चांगली खोल गेली होती. ओढताना मीच दात आवळले. तो मात्र सुदानी वेल्डरला चहात साखर कमी घालायला सांगत होता.

तेव्हा मला सगळं समजलं. त्याला साखरेचा आजार होता हे माहीत होतं, तिकडे घरोघरी आहे. पण पाय इतके मेलेत हे माहीत नव्हतं. गाडी चालवणाऱ्याला इंजिन तळपायातून कळतं. पेडलमधून थरथर वर चढते, त्यावरून आपण ओळखतो, आता गिअर पडेल, आता पडला. अबू माजिदची ती वाट बंद झाली होती. गिअर झोपला नव्हता. पाठीत अजून जाणीव शिल्लक होती, म्हणून त्याला तिथे थाप हवी होती.

"मग? कधी करतोस?" त्याने विचारलं.

"गाडी ठेवून जा. बघतो," मी म्हणालो. वेल्डरने त्याला टॅक्सीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी माजिद आला. पस्तिशीचा, कुठल्याशा कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर. नेहमी घाईत. त्या दिवशी तो घाईत नव्हता. डब्यावर रुमाल पसरून बसला.

"डॉक्टरने त्याला गाडी बंद सांगितलीये," तो म्हणाला. "मी किल्ली लपवली, त्याने दुसरी करून आणली. मी बोललो, तो माझ्याशी बोलायचा थांबला. आता तूच कर काहीतरी."

"मी काय करणार?"

"बिघडव. गिअरबॉक्स खोलून ठेव. सांग की पार्ट मिळत नाही. तू सांगितलंस तर त्याला खरं वाटेल."

मी हातातला पाना पुसायला घेतला. तो शेडकडे नजर फिरवून पुढे म्हणाला, "ही वर्शा मी पुढे चालवणार नाही, मुहंदिस. सौदी माणसं ठेवा, परदेशी माणसामागे फी भरा, कोण करणार? पण तुझं मी बघेन. एका मोठ्या एजन्सीत माझी ओळख आहे. तुझी कफालत, तुझा इकामा, तिकडे बदलून देतो. फक्त एवढं काम कर."

तो वाईट माणूस नव्हता. बापाचा जीव वाचवायला आला होता. माझ्याही मुलींची लग्नं व्हायची होती, आणखी काही वर्षं नोकरी मला हवी होती. आणि खोटं फार सोपं होतं. उस्मानभाय गेला, आता जुनं सामान मिळत नाही. ते तर अर्धं खरंच होतं. गिअरबॉक्सच्या धंद्यात खोटं बोलणं सगळ्यात सोपं असतं, कारण आतलं काहीच गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणूनच मी ते कधी केलं नव्हतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, पण माणसं मी सांगितलेलं खरं धरायची.

अबू माजिद गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि सरळ बोललो. "गिअर ठीक आहे. मी आणखी घट्ट करणार नाही. तुझ्या पायाला काही कळत नाही, अबू माजिद. गाडी दुसऱ्या कुणाला चालवू दे. तू शेजारी बस."

"माजिदने सांगितलं?"

"तुझ्या पायाने सांगितलं. फरशीवर डाग अजून आहे."

त्याने डागाकडे पाहिलं नाही. "मी ट्रकांचे ताफे सरहद्दीपर्यंत नेलेत," तो म्हणाला. "माझ्या गाडीत मी शेजारी बसू?" मग आवाज चढवून, "तू माझा कफील की मी तुझा?"

"तू माझा."

"मग किल्ली दे."

गाडी त्याची होती. मी किल्ली दिली. त्याने चहाला हात न लावता गाडी बाहेर काढली. रस्त्याला लागल्यावर दुसरा गिअर पडल्याचा आवाज मला शेडमध्ये ऐकू आला. त्याच्याशी खोटं बोललो नाही, याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं. पुढे ते टिकलं नाही.

नंतर दोन जुम्मे उलटले तरी तो वर्शात आला नाही. मग माजिदचा फोन आला. घराजवळच्या किराणा दुकानासमोर गाडी थांबवताना अबू माजिदने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला होता, आणि दाबूनच धरला होता. आपला पाय कुठल्या पेडलवर आहे तेच त्याला कळलं नाही. बाहेर रचलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांवरून गाडी थेट दुकानात शिरली. दुकानातला बांगलादेशी पोऱ्या पाव आणायला मागे गेला होता, म्हणून वाचला. अबू माजिदचा उजवा पाय डॅशबोर्डखाली चिरडला.

मला पोलिसांनी बोलावलं. गाडीवर काय काम केलंस, कुणी सांगितलं, परवानगी होती का. मी जे होतं ते सांगितलं. अधिकारी लिहून घेत होता आणि मी त्याच्या पेनाकडे बघत होतो. परक्या देशात पोलिस चौकीतली खुर्ची फार उंच वाटते, पाय जमिनीला लागत नाहीत. दोन तासांनी त्याने मला जा म्हटलं. नंतर कळलं, तो आधीच हॉस्पिटलात जाऊन आला होता. अबू माजिदने त्याला सांगितलं होतं, "गाडीत काही दोष नाही. मुहंदिसला हात लावू नका. दोष माझ्या पायाचा."

तो पाय राहिला नाही. जखम भरेना, आत सडायला लागली. डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला.

हॉस्पिटलच्या बाहेर माजिद भेटला. डोळे सुजलेले. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "तू तेव्हा माझं ऐकलं असतंस, तर आज त्याचा पाय असता."

गिअर मऊ असता तरी गाडी त्या दुकानात गेली असती, हे यंत्राचा माणूस म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. पण तो यंत्राबद्दल बोलत नव्हता. 

एजन्सीतल्या नोकरीचा विषय मग निघालाच नाही. वर्शा बंद करायचं ठरलं. सुदानी वेल्डर दुसरीकडे गेला. माझं खुरूज निहाई, म्हणजे कायमचं परत जाण्याचं काम, माजिदने त्याच्या फोनवरच केलं. चारदोन वेळा बोट लावलं आणि म्हणाला, "खलास." पासपोर्ट त्याने एका पाकिटातून आणून दिला. हत्यारं विकली. शेडमध्ये फक्त ती गाडी उरली. पोलिसांनी सोडल्यावर टो करून तिथे आणून टाकली होती. नाक चेपलेलं, एक दिवा फुटलेला, रेडिएटर फाटलेला. माजिद म्हणाला, भंगारवाला येईल.

मी म्हणालो, "तोवर मी तिच्यावर काम केलं तर चालेल?"

तो खांदे उडवून गेला.

शेवटचे ते दिवस मी एकट्याने काढले. पुढचा पत्रा ठोकून चाकावर घासत नाही इतपत मागे घेतला. दुसऱ्या गाडीचा रेडिएटर बसवला. मग गिअरबॉक्सचा तळ उघडला आणि अबू माजिदने तिसऱ्यांदा मागितलेलं काम केलं. तेलाचा धक्का झेलणारा तो दट्ट्या होता ना, उशीसारखा, तो मी पक्का अडवून टाकला. उशी राहिलीच नाही. ज्या फिलिपिनो उस्तादाकडे मी हा धंदा शिकलो, त्याने असं कधीच करू नकोस म्हणून बजावलं होतं, बाकीचे सांधे तुटतात. पण ती गाडी आता किती चालणार होती? आणि आता चालवणारा मी होतो.

सकाळच्या वेळी मी गाडी त्याच्या घरी नेली. माजिद दारात आला, गाडी बघून त्याच्या कपाळावर आठी पडली. पण आतून अबू माजिदचा आवाज आला. त्याने इंजिन ओळखलं होतं.

माजिदने आणि मी त्याला चाकाच्या खुर्चीतून उचलून शेजारच्या सीटवर बसवलं. किती हलका झाला होता! पायजम्याची उजवी बाजू दुमडून पिन लावलेली. त्याने स्टिअरिंगकडे पाहिलं आणि मग काचेतून समोर.

मी गाडी सुरू केली नाही. आधी सांगायचं ते सांगितलं. "अबू माजिद, मी जातोय. घरी. खुरूज निहाई. उद्याचं विमान आहे."

"सही कुणी केली?"

"माजिदने. आता सही लागत नाही, फोनवर होतं."

"मला कुणी विचारलं नाही."

"तू हॉस्पिटलात होतास."

 दाढीचे खुंट वाढले होते, त्यांवर तो हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या बापाच्या वेळी मी वाळवंटात होतो."

"हो."

"फोन लागत नव्हता तिथे."

"माहीत आहे."

"यल्ला," तो म्हणाला. "चालव."

त्यांच्या वस्तीबाहेर रिंगरोडला जाणारा रुंद रस्ता आहे, सकाळी मोकळा असतो. मी पेडल दाबलं. दुसरा गिअर पडला तेव्हा माझे दात एकमेकांवर आपटले. अबू माजिदचं डोकं सीटवर मागे आदळलं आणि त्याच्या तोंडातून "अल्ला" निघालं. मी वेग कमी करायला लागलो तर त्याने हाताने पुढे जा अशी खूण केली. तिसरा पडला. खाली कुठेतरी सांधा करकरला. तो समोर बघत होता, हात मांडीवर घट्ट, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्याने पुसलं नाही. वळसा घेऊन आम्ही परत आलो, परत येतानाही मी प्रत्येक गिअर पडू दिला.  

दारात गाडी बंद केल्यावर मी किल्ली त्याच्यापुढे धरली. सवयीने. त्याने ती घेतली नाही.

"माजिदला दे," तो म्हणाला. "मी जरा इथेच बसतो."

माजिद पायरीवर उभा होता. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"त्याने दिली?" त्याने विचारलं. "स्वतःहून?"

"स्वतःहून."

माजिद हातातल्या किल्लीकडे बघत राहिला. दोन वर्षं तो याच किल्लीसाठी बापाशी भांडला होता. ती खिशात घालायचं त्याच्या लक्षातच येईना. गाडीत अबू माजिद पट्टा न सोडता तसाच बसून होता. मी जाऊन खिडकीतून त्याचा हात हातात घेतला, सलाम केला. त्याने माझा हात दाबला आणि सोडला.

मी टॅक्सी पकडायला मुख्य रस्त्याकडे निघालो. थोडा पुढे गेलो असेन, तोच माजिदने त्याची गाडी माझ्याजवळ आणून उभी केली. "बस," म्हणाला, "मी सोडतो." अल सुलैपर्यंत अर्ध्या तासाची वाट.  त्याची गाडी अगदी नवी होती. गिअर कधी पडत होते, ते मला कळलंच नाही.